कापडातून वीज: फवारा सोपा, टिकाव अवघड

आजचा विषय ऐकायला जरा जादूचा वाटतो. साधं कापड घ्यायचं, त्यावर एक द्रव फवारायचा, वाळू द्यायचा, आणि मग त्या कापडातून वीज वाहते. जादू यात काही नाही. पण या जादूच्या भरवशावर कोणी माणसाच्या हातात एखादी वस्तू देणार असेल, तर फवारल्यानंतर काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. माझं बरंचसं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी टेबलावर काय आहे ते दाखवतो. हा साधा मल्टिमीटर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो. ही जुन्या साडीच्या काठाची पट्टी, खऱ्या जरीची. दोन टोकांना सळया लावतो. ऐकलंत? पीप वाजली. म्हणजे वीज वाहते. आता हा नवा काठ, जुन्यापेक्षा जास्त चमकणारा. आवाज नाही. कारण ही प्लास्टिकची जरी. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो आणि त्यावर बहुधा लाखेसारखा थर, त्यामुळे धातू असूनही सळई त्याला पोचत नाही. ही तिसरी पट्टी साध्या मांजरपाटाची, तिच्यावर मी कार्बनचं पाण्यातलं द्रावण फवारलेलं आहे. इथेही पीप नाही, पण आकडा बघा, काही हजार ओहम येतोय. म्हणजे वीज वाहते, पण रडतखडत.

जरीची पट्टी मुद्दाम आणली. ‘वीज वाहणारं कापड’ हा शोध परदेशातल्या प्रयोगशाळेत लागला असं आपल्याला वाटतं. सुरतेच्या कारागिराला चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायला कोणी शिकवायला गेलं नव्हतं. त्याला वीज वाहून न्यायची नव्हती इतकंच. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या मंडळींनी कापडावर इलेक्ट्रॉनिक सर्किटं भरतकामाने काढायचे प्रयोग केले, त्यावरचा त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धातूची पट्टी गुंडाळलेल्या धाग्याचं तलम रेशमी कापड वापरलं होतं, आणि असं कापड भारतात फार पूर्वीपासून विणलं जातं याची नोंदही त्यांनी केली आहे.

तर कापडातून वीज नेण्याचे दोन रस्ते. एक, धागाच सुवाहक घ्यायचा आणि विणताना किंवा भरताना तो आत घालायचा. दुसरा, तयार कापडावर, अगदी शिवलेल्या कपड्यावरसुद्धा, हवं तिथे वरून सुवाहक थर द्यायचा. दुसऱ्या रस्त्याचा मोह मोठा आहे. माग बदलावा लागत नाही, स्टेन्सिल ठेवून हवा तो आकार काढता येतो, उरलेलं कापड मऊ राहतं, हवा खेळती राहते. आणि महाग पदार्थ कमी लागतो.

किती कमी? गणित करून बघू. चांदीचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटर सपाट काचेवर दिला, तर चांदी लागते साधारण एक ग्रॅम. कापडाला मात्र एकच पृष्ठभाग नसतो, प्रत्येक तंतूला स्वतःचा गोल पृष्ठभाग असतो. म्हणून सगळे तंतू मढवायचे तर याच्या कितीतरी पट चांदी लागते. आणि नुसत्या वरच्या तंतूंवर फवारलं तर चांदी वाचते, पण वरचा थर झिजला की खाली काहीच नाही. हा पेच लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येईल.

फवारायचं काय? धातू, कार्बन आणि वीज वाहणारी प्लास्टिकं, हे तीन मुख्य पर्याय. प्लास्टिक वीज वाहतं हे आमच्या शाळेतल्या मास्तरांना सांगितलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन नावाच्या प्लास्टिकवर आयोडीनची प्रक्रिया केली आणि त्याची वाहकता जवळपास कोटीच्या पटीत वाढली. त्याबद्दल २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मूळचं प्लास्टिक हवेत टिकत नाही, म्हणून व्यवहारात त्याचे चुलतभाऊ आले. त्यातला पॉलिपिरॉल कापडाच्या तंतूवरच तयार करता येतो, आणि अमेरिकेतल्या मिलिकन या कापड कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस तसं कापड काढलं. दुसरा पेडॉट. पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरबरोबर तो पाण्यात मिसळतो, गडद निळी शाई असावी तसा दिसतो. बायर कंपनीने तो विकसित केला आणि त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग झाला फोटोच्या फिल्मवर, स्थिर वीज साठू नये म्हणून.

अलीकडचा पाहुणा म्हणजे मॅक्सीन. टायटॅनियम आणि कार्बनचे अति पातळ पापुद्रे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ साली ही जात सापडली. तिथल्याच गटाने २०१८ साली मॅक्सीनचा पाण्यातला द्रव फवारून रेडिओचे अँटेना केले, माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, आणि ते चालले. बातम्यांत लगेच आलं की आता कपड्यावर अँटेना फवारा आणि चालू पडा. पण तो प्रयोग प्लास्टिकच्या गुळगुळीत फिल्मवर झाला होता. फिल्म आणि कापड यांत डांबरी सडक आणि नांगरलेलं शेत यांच्याइतकं अंतर आहे. शिवाय मॅक्सीनला ओलावा आणि हवेचं वावडं. हळूहळू त्याचा ऑक्साइड होतो आणि वाहकता जाते. शोधाची किंमत मी कमी करत नाही, फक्त बातमीत काय सुटतं ते सांगतो.

आता हा थर वीज कसा वाहतो ते बघू. बहुतेक फवाऱ्यांत द्रवात तरंगणारे बारीक कण असतात. द्रव उडून जातो, कण तंतूवर राहतात. वीज एका कणाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि त्यासाठी कण एकमेकांना टेकलेले हवेत. नदीला पूर आला की बंधाऱ्यावर वाळूची पोती पोचवायला जवान रांगेत उभे राहतात आणि पोतं हातोहात जातं. माणसं थोडी असतील तर मधे खिंडार राहतं आणि पोतं तिथेच अडतं. आणखी काही माणसं मिळाली की एकदम साखळी पूर्ण होते. थराचंही तसंच. पहिल्या एक-दोन हातांत मीटर काहीच दाखवत नाही, मग एका हातानंतर अचानक आकडा येतो आणि पुढे झपाट्याने सुधारतो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट कळते. रांगेतल्या माणसाचे हात लांब असतील तर माणसं कमी लागतात. म्हणून चांदीच्या गोल कणांपेक्षा चांदीच्या नॅनोतारा कमी वजनात काम करतात. या तारांची जाडी काही दहा नॅनोमीटर आणि लांबी काही दहा मायक्रोमीटर, म्हणजे जाडीच्या शेकडो पट लांब. एका तारेच्या लांबीभर वीज विनाअडथळा जाते, अडचण फक्त तार तारेला जिथे टेकते तिथे. स्टॅनफर्डमध्ये यी चुई यांच्या गटाने अशा तारांच्या जाळ्याने सुती कापड मढवलं. ते काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. ते कापड अंगाची उष्णता परत अंगाकडे फेकतं, आणि वीज जोडली तर स्वतःही तापतं. हवा मात्र त्यातून आरपार जाते. एक बारीक गोष्ट, त्यांनी कापड द्रावात बुडवलं होतं, फवारलं नव्हतं. बुडवल्याने द्राव धाग्याच्या आतपर्यंत शिरतो. फवारा मुख्यतः वरच्या बाजूला राहतो. मघाचा पेच हाच.

धातूचा थर द्यायची आणखी एक रीत आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण ती जुनी आहे. आरसे करणाऱ्यांची रीत. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाच्या द्रावणातून ग्लुकोजसारखा पदार्थ चांदी बाहेर काढतो. १८३५च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग यांनी ही किमया पाहिली आणि पुढे तिच्यावर आरशांचा धंदा उभा राहिला. आज दोन तोंडांची फवारणीची बंदूक मिळते. एका तोंडातून चांदीचं द्रावण, दुसऱ्यातून ग्लुकोजचं, दोन्ही पृष्ठभागावरच एकत्र येतात आणि डोळ्यांदेखत चकाकी चढते. त्याआधी कथिलाच्या क्लोराइडचा हात द्यावा लागतो, म्हणजे चांदीला धरायला खुंटी मिळते. कापडावरही हे करता येतं. इथे कण एकमेकांना टेकायची वाट बघावी लागत नाही, धातू जागेवरच वाढतो, त्यामुळे रोध फारच कमी येतो. या बंदुकीच्या धोक्याबद्दल शेवटी बोलणार आहे, तोवर कोणी ऑनलाइन मागवू नका.

फवारण्याआधीची तयारी कोणी मनावर घेत नाही. बाजारातल्या कापडावर खळ असते. मागावर ताणा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये तो खळीतून काढतात, इचलकरंजी-भिवंडीकडच्या माणसाला हे सांगायला नको. वर विक्रीसाठी मऊपणाचं फिनिश, कधी पाणी न धरण्याचं फिनिश. या सगळ्यावर फवारलं तर थर कापडाला नव्हे, खळीला चिकटतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. म्हणून आधी खळ काढायची, गरम पाण्यात साबण-सोड्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. फवारा एका दमात भरघोस द्यायचा नाही. भरघोस दिला की थेंब पसरतात, कडेला कण गोळा होतात आणि मधला भाग उपाशी राहतो. चहाचा डाग सुकल्यावर कडा गडद दिसते, तसंच. पातळ हात द्या, वाळवा, कापड फिरवून दुसऱ्या दिशेने द्या. प्रत्येक हातानंतर मीटर लावा आणि आकडा वहीत लिहा.

कोणता आकडा? इथे बरेच विद्यार्थी अडखळतात. ते सांगतात, ‘सर, रोध दहा ओहम आला.’ किती लांबीवर, किती रुंदीवर? पातळ थराचा रोध चौरसाच्या हिशेबाने मोजतात. दोन सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब पट्टी म्हणजे दोन बाय दोनचे दहा चौरस ओळीने. एका चौरसाचा रोध एक ओहम असेल तर पट्टीचा दहा ओहम. चौरस लहान की मोठा याने फरक पडत नाही, लांबी भागिले रुंदी एवढंच बघायचं. ही सवय लागली की दोन वेगवेगळे नमुने ताडून बघता येतात.

हीच पट्टी आता हातमोज्यात घालू. निवृत्तीनंतर मला अधूनमधून कॉलेजच्या प्रकल्पांचं परीक्षण करायला बोलावतात, आणि दर खेपेला निदान एक गट ‘सियाचीनच्या जवानांसाठी गरम हातमोजे’ घेऊन येतो. भावना चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. टेबलावर मोजा ठेवतात, पॉवर बँक जोडतात, थर्मामीटर वर चढतो, टाळ्या वाजतात. मी कागद-पेन्सिल घेतो.

दहा ओहमची पट्टी, पाच व्होल्टची पॉवर बँक. धारा अर्धा अँपिअर, उष्णता अडीच वॅट, प्रत्येक चौरसाला पाव वॅट. ठीक. आता मूठ उघडली-मिटली, उघडली-मिटली. बंदूक धरणारा, दोर ओढणारा हात दिवसात हजारो वेळा हे करतो. थर सगळीकडे सारखा झिजत नाही, तो बोटाच्या पेरावर, घडीच्या जागी तडकतो. समजा दहापैकी एकाच चौरसाचा रोध एकाचा दहा झाला, बाकीचे नऊ जसेच्या तसे. एकूण रोध एकोणीस ओहम, धारा उतरून साधारण ०.२६ अँपिअर. चांगल्या चौरसांना आता मिळतात प्रत्येकी ०.०७ वॅट, म्हणजे आधीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आणि त्या तडकलेल्या चौरसात जमा होतात ०.६९ वॅट, म्हणजे आधीच्या पावणेतीन पट.

याचा अर्थ नीट बघा. मोजा बंद पडलेला नाही. दिवा हिरवा आहे, बॅटरी उतरते आहे. पण बोटाचं टोक, जिथे हिमदंश आधी होतो, ते थंड पडलं आहे, आणि पेरावर एक ठिपका तापतो आहे. घरी बसलेल्या माणसाला चटका लगेच कळेल. उणे तीसमध्ये बधिर झालेल्या बोटाला कळत नाही. एका बाजूला हिमदंश आणि दुसऱ्या बाजूला भाजणं, आणि जवान तर मोजा चालू आहे या विश्वासावर. थर उष्णतेने आणखी बिघडतो, म्हणून तो ठिपका स्वतःचंच नुकसान वाढवत नेतो. तारेचा हीटर तुटला की पूर्ण बंद पडतो आणि माणसाला निदान समजतं की आता हात काखेत घालायचा. अर्धवट चालणारं साधन जास्त घातक असतं, कारण ते गृहीत धरून माणूस दुसरी सोय करत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: शक्ती वाहून न्यायची असेल, म्हणजे तापवायचं किंवा बॅटरीची धारा न्यायची असेल, तर आजच्या घडीला फवाऱ्याच्या थरावर एकट्यावर विसंबू नये. तिथे लवचीक तार किंवा कार्बनचा धागा विणलेला बरा. बाजारातल्या गरम मोज्यांत साधारण तेच असतं. आणि फवाऱ्याचाच आग्रह असेल, तर एक लांब पट्टी नको. रुंद पट्टी, किंवा शेजारी शेजारी अनेक छोट्या पट्ट्या समांतर जोडा, म्हणजे एक बिघडली तर बाकीच्या चालतील. पेरावर थर नकोच, हाताच्या पाठीवर आणि बोटाच्या सरळ भागावर ठेवा. तापमान बघणारा सेन्सर तापण्याची शक्यता जिथे जास्त तिथे लावा, शिवायला सोपं पडेल तिथे नव्हे.

मी फौजेच्या दुरुस्तीच्या शाखेत, ईएमईत, नोकरी केली. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये जी वस्तू यायची तिचा आधी सांधा बघायचा, हे प्रत्येक हवालदाराला पाठ. कनेक्टर, वायर जिथे आत शिरते ती जागा, सोल्डरचा ठिपका. मधल्या सरळ तारेने सहसा कोणाला त्रास दिला नाही. कापडाच्या थराचं तर मरण सांध्यातच आहे. मऊ, हलणारा, अतिशय पातळ थर आणि त्याला जोडलेली टणक तांब्याची वायर. सोल्डर करता येत नाही, कापड जळतं. तिथे सगळ्यात बरी चालते ती साधी वस्तू, टिचबटण. थराची टोकं सुवाहक दोऱ्याच्या दाट टाक्यांनी भरायची, त्यावर टिचबटण दाबून बसवायचं, आणि मागून जाड कापडाची ठिगळपट्टी लावायची, म्हणजे टणकपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो. शिंप्याला हे एका वाक्यात समजतं. इंजिनीअरला वेळ लागतो.

घामाचंही लक्षात घ्या. घाम म्हणजे मीठाचं पाणी. चांदीचा थर आणि दुसऱ्या धातूचं बटण एकमेकांना टेकलेले, वर घाम, की छोटीशी बॅटरीच तयार झाली, आणि हलक्या दर्जाचा धातू गंजायला लागतो. चांदीवर गंधकाने काळपटपणा येतो तो वेगळाच, देवघरातली भांडी बघा.

धुलाईबद्दल कोणी विचारलं की सांगतात, वरून पॉलियुरेथेनचा थर द्या. द्यावा, त्याने फायदा होतो. पण हाच पदार्थ कण धरून ठेवायला आत मिसळला, तर तो कणाकणांच्या मधेही जाऊन बसतो आणि वीज अडवतो. जास्त घातला तर थर टिकतो पण वाहत नाही, कमी घातला तर वाहतो पण टिकत नाही. फवाऱ्यावर काम करणारे निम्मा वेळ या एका प्रमाणाशी झगडत असतात. त्यात सुती धागा पाण्याने फुगतो, वाळताना आखडतो, आणि वरचा ताठ थर दर वेळी ताणला जातो. पॉलिस्टर फुगत नाही, पण गुळगुळीत असल्याने थराला धरत नाही. होजिअरीचं कापड ताणलं की फासे सरकतात आणि रोध बदलतो. तापवायला हे वाईट. पण हालचाल मोजायला चांगलं, कारण रोध बदलला म्हणजे गुडघा किती वाकला ते कळतं. एका कामातला दोष दुसऱ्या कामात गुण ठरतो तो असा.

फवाऱ्याचा खरा प्रांत हाच आहे असं मला वाटतं. जिथे धारा नगण्य असते आणि फक्त खूण मिळायला हवी, तिथे रोध दुप्पट झाला तरी काम निभावतं. छातीच्या पट्ट्यात ईसीजीसाठी कापडाचे इलेक्ट्रोड. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चादरीत ओलं कळवणारी पट्टी. दारूगोळ्याजवळ किंवा ज्वालाग्राही द्रवाजवळ काम करणाऱ्यांच्या कपड्यात स्थिर वीज जिरवणं, ज्याला हजारो-लाखो ओहम रोधही पुरतो. तिथे माझी ही काळी मांजरपाटाची पट्टी, जिच्यावर पीप वाजली नाही, तीही कामाची ठरू शकते. चादरीचं उदाहरण मला विशेष वाटतं. घरोघरी वडीलधारी मंडळी आहेत, आणि रात्री तीनदा उठून चादर चाचपणारी सून किंवा मुलगा आहे. यावर प्रकल्प घेऊन येणारे गट मात्र मला अजून भेटायचे आहेत.

जवानांसाठीच काही करायचं असेल तर फौजेची रीत समजून घ्या. फौज आधी लिहून काढते की वस्तूने काय काय केलं पाहिजे, त्याला जीएसक्यूआर म्हणतात. मग वस्तू वापरणाऱ्यांच्या हातात जाते, वाळवंटात, उंचावर, दमट हवेत. इलेक्ट्रॉनिक सामानाला कोणत्या हवामानाच्या चाचण्या द्यायच्या यासाठी जेएसएस ५५५५५ नावाचं प्रमाणपत्रक आहे. घरगुती धुलाईची चाचणी कशी करायची याचं आयएसओ ६३३० आहे. कानपूरची डीएमएसआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा फौजेच्या कापडचोपडावर काम करते. कॉलेजच्या गटाकडून या सगळ्याची अपेक्षा नाही. मी त्यांच्याकडे एकच मागतो. एका पट्टीचा रोध पहिल्या दिवशी मोजा. मग तीच पट्टी पेन्सिलीभोवती हजार वेळा वाकवा, वीस वेळा धुवा, मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवा, आणि प्रत्येक टप्प्याला मोजून आलेख काढा. तापवणारी पट्टी असेल तर जोडलेल्या स्थितीत तिच्यावर थर्मल कॅमेरा धरा. तापलेला ठिपका दिसतोच. आलेख वाईट आला तरी घेऊन या. टेबलावर पेटलेल्या दिव्यापेक्षा तो मला जास्त सांगतो.

आता मघाशी राखून ठेवलेली धोक्याची गोष्ट. नॅनोकण बाटलीतल्या द्रवात असताना फारसा त्रास देत नाहीत, पण फवारा म्हणजे तेच कण हवेत. कार्बनच्या नॅनोनळ्या आणि धातूच्या नॅनोतारा फुप्फुसात जाऊन बसल्या तर शरीराला त्या बाहेर काढता येत नाहीत. रुमाल बांधून भागत नाही. हवा ओढून घेणारं बंदिस्त कपाट हवं, आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा कणरोधक मास्क हवा. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर डाग काळा पडतो आणि आठवडाभर सोबत राहतो, डोळ्यात गेलं तर इजा होते.

आणि ते अमोनियातलं चांदीचं द्रावण. हे लागेल तेवढंच, लागेल त्याच वेळी करायचं. उरलं म्हणून बाटलीत भरून उद्यासाठी ठेवायचं नाही. ठेवलं की त्यातून काळा गाळ बसतो, आणि तो सुकला तर नुसत्या धक्क्यानेही फुटतो. फुटतो म्हणजे स्फोट होतो. दारूगोळ्याच्या आसपास बरीच वर्षं काढलेला माणूस हे सांगतोय. काम झालं की उरलेलं द्रावण आणि भांडी विरळ आम्लाने लगेच निकामी करायची, आणि तेही रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, स्वयंपाकघरात नाही. निकामी केलेल्या पाण्यात मीठ घातलं की चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते. तो साका गाळून वेगळा ठेवा. चांदी पाण्यातल्या जीवांना घातक असते, म्हणून ते पाणी साका न काढता मोरीत सोडू नका. आणि चांदीचा भाव बघता साका टाकूनही देऊ नका.

पट्ट्या आणि मीटर इथे ठेवतो. ज्यांना स्वतः सळया लावून बघायच्या असतील त्यांनी पुढे यावं, तोवर प्रश्न घेऊ या.